उसन्या खोक्यातला आवाज

आठवडाभरात आप्पांचा आवाज नव्या मशीनवर वाजवून दाखवतो, असं मी घरात सांगितलं, ऑफिसात सांगितलं आणि कुणी विचारलं नसताना सात रस्त्याच्या चहावाल्यालाही सांगितलं. यातलं शेवटचं सांगणं म्हणजे कराराचा भंग होता. पण करार मी तेव्हा पुरता वाचला नव्हता. तो माझ्या भागीदारानं, बसूनं, वाचला होता. आमच्या ऑफिसात वाचायचं काम बसूचं आणि 'होतंय की' म्हणायचं काम माझं.

मी पृथ्वीराज. मूळचा केमचा, आता सोलापुरात विजापूर रोडला राहतो. अक्कलकोटकडचा बसू आणि मी मिळून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवतो. टॉवेलवाल्यांचा माल, दवाखान्याच्या नोंदी, असलं पोटापाण्याचं काम. पण लोक आम्हाला ओळखतात ते ज्या प्रोग्रॅममुळं, तो पोटापाण्यासाठी केलेला नाही. तो आप्पांसाठी केला.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. आप्पा आयुष्यभर केमला शेती केलेले. बांधावरनं हाक मारली तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा माणूस भाकरी खाली ठेवून उठायचा, असा आवाज. ऑपरेशनच्या आधी आम्ही गावाकडच्या आतल्या खोलीत गोधड्या टांगल्या, दार लावलं आणि त्यांच्याकडून वाक्यं बोलवून घेतली. मी शहाणपणानं काही वाक्यं लिहून नेली होती. 'मला तहान लागली आहे, कृपया पाणी द्या,' असं त्यातलं पहिलं होतं. आप्पांनी ते वाचलं आणि विचारलं, "असं कोण बोलतंय रं?" मग कागद बाजूला सारून स्वतःच्या मनानं बोलत सुटले. पाणी आण. च्या टाक. मोटार बंद कर. शेरडं दावणीला बांध. मध्येच एक शेरडू ओरडलेलंही त्यात आलंय. ते मी काढलं नाही.

सगळ्यात शेवटी त्यांनी आईला आणि माझ्या बहिणीला, आरोहीला, बाहेर पाठवलं. मला एकट्याला ठेवलं आणि पुढं कधीतरी लागतील अशी वाक्यं बोलले. माझ्या लग्नाचं होतं, नातवंडाच्या बारशाचं होतं, आणि आरोहीच्या पाठवणीचं होतं. ते बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मला वाटलं घसा दुखतोय. घसा दुखत नव्हता.

ऑपरेशननंतर आई-आप्पा माझ्याकडं सोलापुरात राहायला आले आणि त्या सगळ्याचा आम्ही प्रोग्रॅम केला. स्क्रीनवर चौकोन, चौकोनात वाक्य. आप्पांनी बोट लावलं की त्यांचाच आवाज बोलायचा. पहिल्या पानावर रोजची वाक्यं, पुढं शेताची आणि जनावरांची, त्यापुढं पाहुण्यारावळ्यांची, आणि शेवटच्या पानावर ती ठेवणीतली. पुढं डॉक्टर आमच्याकडं इतर पेशंटही पाठवायला लागले. अकलूजचे एक निवृत्त मास्तर, लातूरची एक बाई, अशी बरीच माणसं आता त्यावर बोलतात. म्हणजे आम्ही झोपलो तर नुसते आम्ही झोपत नाही, चार घरांतली माणसं गप्प होतात.

आणि नेमकं तेच व्हायची वेळ आली. ज्या परदेशी कंपनीच्या मशीनवर आमचा प्रोग्रॅम चालायचा, तिनं जाहीर केलं की आता आमच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसरच बदलणार. आतला मेंदूच वेगळा. जुने प्रोग्रॅम नव्या मेंदूला तसेच्या तसे कळणार नाहीत, ज्यानं त्यानं आपले दुरुस्त करून घ्यावेत. आणि त्यासाठी, नवी मशीन बाजारात यायच्या आधी, कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना नमुन्याची मशीन उसनी देणार होती. वापरा, प्रोग्रॅम जमवा, मागितलं की परत करा. कंपनीचं नाव मी सांगत नाही. तसा करार आहे.

आम्ही अर्ज केला आणि आमचा नंबर लागला. बसूनं करार वाचून मला थोडक्यात सांगितलं. हे मशीन बाहेरच्या कुणाला दाखवायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, आणि सोबत आलेली माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. मी म्हटलं, होतंय की.

खोकं आलं. पुरणपोळ्यांच्या चपट्या डब्याएवढं, राखाडी. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. आईनं ते चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं धाडलं आन् अर्धंच धाडलं व्हय?" मी घरातलाच, बोट लावून चालणारा स्क्रीन त्याला जोडला. ऑफिसात ये-जा फार म्हणून खोकं घरी ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. बसूला ते पटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी आप्पांना समोर बसवलं. आप्पांनी पहिल्या पानावरचं 'पाणी आण' दाबलं आणि खोक्यातनं आप्पा म्हणाले, "पाणी आण." आई खरंच पाणी घेऊन आली. 'च्या टाक' दाबलं, तर च्या टाकायला गेली. आईचं तसंच आहे. तो आवाज ऐकून तिनं चाळीस वर्षं संसार केलाय. तो कुठनं येतोय हे ती बघत बसत नाही. पहिल्या पानावरची सगळी वाक्यं बिनचूक वाजली. मी पुढची पानं तपासली नाहीत. पहिलं पान चालतंय म्हणजे पुढचीही चालणारच, असा माझा हिशोब. भाताचं एक शीत चेपून बघायचं, अख्खं पातेलं चेपत बसायचं नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडं शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी आरोहीला बघायला नातेपुत्याचे पाहुणे येणार होते.

आरोही माझी धाकटी बहीण. जनावरांची डॉक्टर. जेऊरच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणारी मुलगी. पण स्वतःबद्दल काही सांगायचं म्हटलं की तिच्या तोंडातनं शब्द निघत नाही. मुलाचं नाव अभिमन्यू, पुण्यात नोकरी. कसली नोकरी हे मी फोनवर विचारलं तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगितलं, "कॉम्प्युटरचीच की, तुमच्यासारखी." म्हणजे जगात ज्या एका प्रकारच्या माणसाला ते खोकं दिसू नये, तो माणूस आमच्या हॉलमध्ये येऊन पोहे खाणार होता. मी ठरवलं, खोकं कपाटात, आप्पा जुन्या लॅपटॉपवर.

सकाळी आई मला उठवायला आली, ती "लॅपटॉप गरोदर हाय" असं म्हणत. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. नसेल तर माहीत करून न घेतलेला बरा. त्या उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी फुगली होती आणि कीबोर्ड मधनं वर आला होता. तो चालू करणं धोक्याचं होतं. रविवार, कॉम्प्युटरची दुकानं बंद. बैठक पुढं ढकलू का, असं मी आप्पांना विचारलं. त्यांनी मान हलवली, पाहुणे निघाले असतील असं हातानं सांगितलं, मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून पुन्हा जोरात मान हलवली. लेकीच्या बैठकीत मी मुका बसणार नाही, असं ते म्हणत होते. ते समजायला मला मशीन लागलं नाही.

मग मी खोकं काढलं. आप्पांच्या खुर्चीमागं स्टुलावर ठेवलं, त्यापुढं तुळशीवृंदावनाएवढी एक कुंडी आणून ठेवली, आणि स्क्रीन आप्पांकडं तोंड करून मांडला. पाहुण्यांना फक्त स्क्रीनची पाठ दिसणार. काय दाबलं जातंय हे आप्पांना आणि शेजारी बसलेल्या मलाच दिसणार. सगळं फार नीट बसवलं होतं.

पाहुणे आले. अभिमन्यू, त्याचे वडील नाना, आणि नानांच्या आई गोजरबाई. अभिमन्यूची आई पायाच्या दुखण्यामुळं आली नव्हती. आप्पांनी पहिल्या पानावरचं 'या, बसा' दाबलं. "या, बसा," आप्पांचा भरदार आवाज आला. नाना चमकले, मग त्यांना कौतुक वाटलं. ऐकून होतो, म्हणाले, पण इतकं हुबेहूब असेल असं वाटलं नव्हतं. इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "दोन वर्षं वापरतायत. आजवर एक शब्द चुकलेला नाही."

नानांनी उन्हाचा विषय काढला. आप्पांनी दुसरं पान उघडलं आणि 'पाऊसपाणी कसं हाय तिकडं?' हा चौकोन दाबला. मी बघत होतो. चौकोन बरोबर होता.

"शेरडं दावणीला बांध," आप्पा म्हणाले. मागं शेरडू ओरडलं.

समोर सोफ्यावर तिघं ओळीनं बसलेले. मी म्हटलं, आप्पांना अधनंमधनं गावाकडची आठवण येते. गोजरबाईंनी मान डोलावली आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "बांधून आलोय बाबा. शेजारणीला सांगितलंय पाणी दाखवायला."

आई पोहे घेऊन आली. नानांनी बशीला हात पुढं केला. आप्पांना मघाची चूक भरून काढायची होती, म्हणून त्यांनी घाईनं पाहुण्यांच्या पानावरचं 'पोटभर खावा' दाबलं.

"बास झालं, उचल आता," आप्पा म्हणाले.

आणि आईनं बशी उचलली. मी सांगितलंच, तिचं तसं आहे. नानांचा हात हवेत राहिला. आई दोन पावलं मागं गेली, मग थबकली, नवऱ्याकडं बघत राहिली. आप्पा दोन्ही हातांनी खुणा करत होते. मी उठून बशा परत मांडल्या आणि हसलो. एकटाच हसलो.

तुम्ही म्हणाल, मशीन बिघडलंय असं सांगून मोकळं का नाही झालास? मी तेव्हा तेच म्हणणार होतो. पण आजवर एक शब्द चुकला नाही असं मी दहा मिनिटांपूर्वीच बोललो होतो, आणि बिघडलं म्हटल्यावर समोरचा कॉम्प्युटरवाला मुलगा 'बघू का जरा' म्हणत उठणार, हे मला ठाऊक होतं. त्याची मान आत्ताच कुंडीकडं वळायला लागली होती. म्हणून मी आप्पांच्या कानात म्हटलं, आता काही दाबू नका. आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की शेतात पाणी सोडायची पाळी चुकवली तेव्हासुद्धा तसं पाहिलं नव्हतं.

पोहे कसेबसे संपले. मग नाना मुद्द्यावर आले. माणूस वाईट नव्हता, सरळ होता. मुलगी आवडली, म्हणाले, घर आवडलं. एकच बोलायचंय. मुलगा पुण्यात, मुलगी जेऊरला, असं कसं जमणार? लग्नानंतर ती नोकरी सोडेल असं आम्ही धरून चालतो. तुमचं काय म्हणणं?

आरोही स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

आप्पांनी माझा हात बाजूला केला. पाहुण्यांच्या पानावर अगदी खाली एक वाक्य होतं, 'तिचं तिला इचारा.' ते आप्पांनी ऑपरेशनच्या आधी मुद्दाम बोलून ठेवलं होतं. त्यांनी ते दाबलं. मी डोळे मिटून घेतले. आता कुठलं जनावर निघतंय, असा विचार करत होतो.

जनावर निघालं नाही. आप्पांचा आवाज आला, पण हळू, खोल, मध्ये श्वास घेत घेत. मला पहिल्या शब्दाला कळलं हे कुठल्या पानावरचं आहे.

"माजी लेक आता तुमची झाली. तिला दुकलं तर ती सांगत न्हाय. तोंड बघून वळखायचं. मी आजवर तसंच वळखलंय. आता तुमी वळखा."

आईनं पदर तोंडाला लावला. गोजरबाईंनी चष्मा काढून नऊवारीच्या पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. नानांचे डोळे भरून आले होते. ते उठले, आप्पांच्या खुर्चीपाशी आले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "ठरलं," म्हणाले. "ह्याच्यावर आता काय बोलायचं न्हाय." लगेच फोन काढला, आप्पांना एका हातानं जवळ घेतलं आणि फोटो काढला. ड्रायव्हरला पेढे आणायला सांगितलं. गोजरबाईंनी आईला कुंकू लावायला हळदीकुंकवाचं ताट मागितलं. पाच मिनिटांत नाना नातेपुत्याला फोनवर सांगत होते की सोयरीक जमली.

फोनवर बोलतानाही नानांनी आप्पांचे दोन्ही हात एका हातात धरून ठेवले होते. आप्पा मान हलवत होते, न्हाय, न्हाय. नानांना वाटलं, बापाला लेकीची पाठवणी सहन होत नाही. त्यांनी आप्पांचे हात आणखी घट्ट धरले.

मी आरोहीकडं पाहिलं. ती ट्रे घेऊन तशीच उभी होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. चेहरा एकदम कोरा. लहानपणी विहिरीच्या पायरीवरनं पडून तिचा हात मोडला होता, तेव्हा असाच चेहरा करून ती जेवायला बसली होती, डाव्या हातानं. आप्पांनी बघितलं आणि काही न विचारता तिला उचलून बार्शीला दवाखान्यात नेलं. आज आप्पांना उठता येत नव्हतं.

"नाना, थांबा," मी म्हटलं. "हे आप्पा बोलले नाहीत."

नानांनी फोन कानावरनं खाली घेतला. "आवाज त्यांचाच की."

"आवाज त्यांचाच आहे."

"मग?"

मग मी सगळं सांगितलं. कुंडी सरकवली, खोकं दाखवलं, ते कुणाचं, कशासाठी उसनं आलंय, प्रोग्रॅम त्यावर नीट बसलेला नाही, आप्पा एक दाबतात आणि भलतंच वाजतंय. शेरडं, पोहे, आणि हे. मघाचं वाक्य पाठवणीच्या दिवसासाठी होतं. आज त्यांना वेगळंच म्हणायचं होतं. करारातली जेवढी कलमं बसूनं मला सांगितली होती तेवढी सगळी मी एका दमात मोडली.

नानांचा चेहरा उतरला. थट्टा झाल्यासारखं वाटलं असणार. म्हणाले, मशीन दोन वर्षं चुकत नाही म्हणालात, आता चुकतंय म्हणता; आम्ही खरं काय धरायचं? त्यांनी टोपी उचलली.

अभिमन्यू मात्र खोक्याजवळ जाऊन उकिडवा बसला होता. त्यानं ते काय आहे हे ओळखलं होतं. त्यांच्या कंपनीनंही मागितलं होतं आणि त्यांना मिळालं नव्हतं. मला वाटलं आता तो चिपविषयी विचारणार. त्यानं आप्पांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

आप्पांनी आरोहीकडं बोट केलं. मग त्याच्याकडं. मग पुन्हा आरोहीकडं.

अभिमन्यू उठला, दारापाशी गेला आणि आधी तिच्या हातातला ट्रे घेतला. चहा केव्हाच गार झाला होता. "तुम्हालाच विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "काय वाटतं तुम्हाला?"

आरोहीनं मोकळे झालेले हात पुसले. नाना टोपी हातात धरून उभे होते.

"नोकरी सोडणार नाही मी," ती म्हणाली. "आणि बाकीचं आज सांगता येणार नाही. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही अजून."

"मग माहीत करून घ्या," तो म्हणाला. "मला घाई नाही."

गोजरबाईंनी आपल्या मुलाला हातातली टोपी घालायला सांगितली. म्हणाल्या, पोरांचं पोरं बघतील, आपण निघावं. जाताना त्या आप्पांपुढं थांबल्या. "वाक्य मातर लई चांगलं हाय," म्हणाल्या. "आपल्यायेळी असं कुणी बोललं न्हाय." निघतानाच पेढे घेऊन ड्रायव्हर परतला, तो पुडा आमच्याकडं ठेवायचा की परत न्यायचा यावर दारात थोडा घोळ झाला. शेवटी अर्धे अर्धे केले.

पाहुणे गेल्यावर आरोही आप्पांच्या पायाशी येऊन बसली. विचारलं, ते कधी बोलून ठेवलं होतं? आप्पांनी गळ्यावरनं बोट फिरवलं. ऑपरेशनच्या आधी. ती काही वेळ त्यांच्या पायाचा अंगठा धरून बसली.

"दुखलं तर सांगते की मी," ती म्हणाली.

आप्पांनी पहिलं पान उघडलं आणि एक चौकोन दाबला.

"न्हाय," खोक्यातनं आप्पा म्हणाले. पहिलं पान बरोबर चालत होतं.

चूक मला दुसऱ्या दिवशी सापडली. जुना मेंदू आठवणीतलं, म्हणजे मेमरीतलं, वाचताना लहान लहान घास घेतो, नवा मोठे घास घेतो. आमचा प्रोग्रॅम जुन्या घासाच्या मापानं लिहिलेला. पहिला घास दोघांचा एकाच जागी सुरू होतो, म्हणून पहिलं पान बरोबर. पुढं प्रत्येक पानाला माप आणखी चुकत जातं. दुरुस्ती एका दुपारची होती. मी ती केली, सगळी पानं वाजवून बघितली आणि अभिमानानं बसूला दाखवायला निघालो.

बसू ऑफिसात फोन समोर ठेवून बसला होता. बसू भांडतो मराठीत आणि गप्प बसतो कन्नडमध्ये. त्या दिवशी तो कन्नडमध्ये गप्प बसला होता. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला. नानांनी काढलेला तो फोटो. मध्ये आप्पा, शेजारी डोळे भरलेले नाना, आणि आप्पांच्या खांद्यामागं, कुंडीच्या पानांतनं, राखाडी खोकं. कंपनीचं चिन्ह स्पष्ट दिसतंय. नानांनी त्याच क्षणी तो 'सोयरीक जमली' असं लिहून सगळ्या पाहुण्यांना धाडला होता, आणि नंतर सोयरीक न जमल्याचं कळवायचं राहून गेलं होतं. पाहुण्यांतल्या कुणाच्या तरी मुलानं त्यातलं खोकं ओळखून तो पुढं टाकला. आता असल्या मशीनची बित्तंबातमी ठेवणारे देशोदेशीचे लोक त्या फोटोखाली चर्चा करत होते. मशीनचा आकार, मागची छिद्रं, आणि हे दोन गृहस्थ का रडतायत. एकाचं म्हणणं पडलं की मशीनचा वेग पाहून.

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं: मशीन परत करा. मी त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. आप्पांचं ऑपरेशन लिहिलं, फुगलेली बॅटरी लिहिली, शेरडं, पोहे, आरोही, लातूरची बाई, सगळं लिहिलं. आणि खाली, तुमच्या नव्या चिपचे घास मोठे आहेत हे मी शोधून काढलंय, इतरांना उपयोग होईल, असंही कळवलं. मला वाटलं, निदान ते वाचून कुणाचं तरी मन पाघळेल.

उत्तर दोन ओळींचं आलं. तुमच्या वडिलांना शुभेच्छा. आपण कळवलेली अडचण माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात दिलेली आहे, कृपया ती वाचावी आणि मशीन पाठवावं.

खोकं गेलं. आईनं जाताना त्याला हळदीकुंकू लावलं. त्यातनं नवरा बोलला होता, म्हणाली, तसंच कसं धाडायचं? बसूनं ते पुसून पॅक केलं. लॅपटॉपला नवी बॅटरी बसली आणि आप्पा पुन्हा जुन्या मशीनवर बोलायला लागले. पण दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आमच्याकडं तयार होता. नवी मशीन दुकानात आली त्याच आठवड्यात तो सगळ्यांना मिळाला. अकलूजच्या मास्तरांनी फोन केला, आणि बोलून ठेवलेल्या मास्तरकीच्या वाक्यांतनं, स्वतःच्या आवाजात, मला प्रोग्रॅममधल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सांगितल्या. एवढा आनंद मला आयुष्यात कुठल्या चुकीचा झाला नाही.

अभिमन्यू पुण्याहून सुट्टीच्या दिवशी जेऊरला यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा दवाखान्यात रांग होती. तो एका म्हशीच्या मागं उभा राहिला आणि नंबर येईपर्यंत हलला नाही, असं आरोहीच्या शिपायानं सांगितलं. असं किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. एका रविवारी आरोही घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "आप्पा, मी हो म्हणून सांगितलंय त्याला." आप्पांनी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि आईला हातानं खूण केली. च्या टाक. लग्न नातेपुत्याला झालं. नोकरी जेऊरलाच आहे. अभिमन्यूनं आठवड्यातले काही दिवस घरून काम मागून घेतलंय. नाना आता हे जमणार कसं असं विचारत नाहीत. चांगलं जमतंय, हे ते बघतात.

गेल्या दिवाळीला त्यांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. आग्रह फार. जिन्यापासून हात धरून वर नेलं. हॉलमध्ये सोफा, झुंबर, आणि समोरच्या भिंतीवर, मधोमध, एक डबलची सोलापुरी चादर आडवी टांगलेली. मला वाटलं आमच्या गावचा मान म्हणून लावली असेल. मी तसं म्हटलं. नाना म्हणाले, हां, तसंच काहीतरी, तुम्ही जेवायला चला.

गोजरबाईंना खोटं बोलायची सवय नाही.

"नवा टीव्ही हाय तितं," त्या म्हणाल्या. "तुज्यापुढं भलतंच बोलाय लागंल म्हणून तू जाईस्तवर झाकून ठेवलाय."